टोब्रुक ते दादर : एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

८ जून

पावसाने आज जोर धरला, मुलुंडला लाईट दोनदा गेले, आणि मेणबत्तीच्या उजेडात ही वही उघडली. दोन वर्षं नुसतं डोक्यात फिरतंय ते आता कामाला लावायचं. कादंबरी आहे दुसऱ्या महायुद्धातल्या एका मराठी अधिकाऱ्याची, युद्धातली आणि नंतरची. जवानाची नाही, अधिकाऱ्याची, हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ज्याला ज्याला सांगितलं तो म्हणाला अगं मग जवानावरच लिही ना, त्याचं दुःख खरं. जवानाचं दुःख खरंच आहे, पण मला जो माणूस दिसतो तो मधे अडकलेला आहे. कमिशनचा कागद इंग्रजीत, हुकूम उर्दूत, घर मराठीत. ज्या राजाच्या नावाने तो शपथ घेतो तो राजा पाच-सहा वर्षांत निघून जाणार आहे आणि हे त्याला माहीत नाही.

युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानी फौज २५ लाखांच्या घरात गेली होती. युद्धाआधी कमिशन मिळालेले हिंदी अधिकारी काही शेकड्यांतच, शेवटी ते हजारांत गेले. ह्यातले बहुतेक इमर्जन्सी कमिशनवाले, म्हणजे कॉलेज नाहीतर नोकरी सोडून आलेली, काही महिने ट्रेनिंग घेऊन थेट पलटणीत गेलेली पोरं. माझा माणूस त्यातलाच एक. विल्सन कॉलेजचा, राहणार हिंदू कॉलनी, दादर.

पलटण पक्की केली, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिची दुसरी बटालियन. पलटणीत तिला काळी पाचवी म्हणतात आणि पहिलीला जंगी पलटण. काळी पाचवी घेतली कारण ती लिबियातल्या टोब्रुक बंदरावर होती. जिंकलेल्या लढाया पुष्कळ आहेत, इरिट्रियातलं केरेन आहे, इटलीतलं सेनियो आहे, पण मला हरलेली लढाई हवी होती.

१५ जून

नावाचा घोळ. आधी दळवी ठेवलं होतं, मग लक्षात आलं की १९६२ ला चिन्यांच्या हाती सापडलेले ब्रिगेडियर जॉन दळवी आहेत, आणि माझाही नायक युद्धकैदी होतो, वाचणारा लगेच जोड लावणार. थोरात तर नाहीच, जनरल थोरातांमुळे. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकानात कांगावला जी ५१ वी ब्रिगेड लढली तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते, थिमय्या, थोरात आणि सेन, आणि तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळालं. त्या तिघांच्या सावलीत माझा लेफ्टनंट उभाच राहणार नाही. शेवटी गुप्ते. विनायक गुप्ते, घरी विनू.

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. विनूचं मराठी आणि त्याच्या प्लॅटूनचं मराठी एक नाही. हा दादरचा, ह्याचं मराठी पुस्तकी, आणि समोर सातारा, रत्नागिरी, कुलाब्याची माणसं. तो बोलला की ती ऐकतात, आपसात बोलायला लागली की ह्याला अर्धं कळतं. त्यात हुकूम रोमन लिपीतल्या उर्दूत, ती परीक्षा अधिकाऱ्याला द्यावीच लागायची. म्हणजे दादरचा मराठी मुलगा साताऱ्याच्या मराठी मुलाशी कामाचं जे बोलतो ते तिसऱ्याच भाषेत. हे मी रंगवून सांगत नाहीये, ही रोजची व्यवस्था होती. कादंबरीचा कणा हाच धरायचा असं आज ठरवलं.

२१ जून

मुद्दाम आजच्याच तारखेला हे प्रकरण लिहायला बसले. २० जून १९४२, पहाटे साडेपाचच्या आत-बाहेर विमानं आली. जर्मन सेनापती रोमेलने घाव घातला तो आग्नेयेच्या बाजूला, आणि तिथे अकरावी इंडियन ब्रिगेड होती, दुसरी मराठा, सातवी गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन आणि कॅमरन हायलँडर्स. पहिला दणका मराठ्यांच्या भागावर. रणगाडे अडवायला जो खंदक खणला होता तो वर्षभरात वाळूने बुजत आलेला, पेरलेले सुरुंगही बरेचसे काढून दुसरीकडे नेलेले. बॉम्ब, मग तोफा, मग धुरात इंजिनिअर पुढे येऊन खंदकावर वाट करतात आणि मागून रणगाडे. संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात पोचले होते. २१ ला सकाळी टोब्रुकच्या फौजेचा प्रमुख जनरल क्लॉपरने शरणागती दिली. ३० हजारांच्या वर माणूस कैद झाला. कॅमरनवाले त्यानंतरही एक दिवस लढत राहिले.

सात पानं लिहिली, चार फाडली. फाडलेल्या चारात रणगाडेच रणगाडे होते. विनूला रणगाडे नीट दिसलेच नसणार, त्याला धूळ दिसली असणार, आणि धुळीत त्याचा रनर, म्हणजे निरोप्या, जो त्याच्या मागे दोन पावलांवर असायचा आणि आता नाही. रनरला शोधायला मागे वळायचं की पुढे बघायचं, ह्या एका क्षणावर पान दीड पान थांबले, आणि तिथे मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

मग अडलं ते एका वाक्यापाशी. शरण जायचं आहे, रायफली खाली ठेवायच्या आहेत, हे माणसांना विनूने सांगायचंय. कोणत्या भाषेत? उर्दू त्याला येते, हुकूम उर्दूतच द्यायचे. 'हथियार डाल दो' लिहिलं, खोडलं. दुपारभर तशीच बसले होते. चार वाजता चहा टाकायला उठले आणि गॅससमोर वाक्य आलं. 'ठेवा रे खाली.' विनूने प्लॅटूनला मराठीत दिलेला पहिला आणि शेवटचा हुकूम.

३० जून

कालपासून पत्रं वाचतेय. आपल्या जवानांनी घरी धाडलेली पत्रं सेन्सॉर उघडायचा, त्यातले वेचक उतारे इंग्रजीत करून अहवाल बनायचे, की हिंदी सैनिक काय विचार करतायत, पगाराचं काय म्हणतायत, गावाकडे धान्य मिळत नाही ह्याने खचलेत का. ते अहवाल टिकले. मूळ पत्रं गेली घरी. तिथे कुणी देव्हाऱ्यात ठेवली असतील, कुणाच्या घरात ती उंदरांनी खाल्ली, कुणाची छपराच्या गळतीत भिजून गेली. म्हणजे वाळवंटात बसून एका मराठी माणसाने आपल्या बायकोला काय लिहिलं हे आज वाचायचं तर बहुतेक वेळा इंग्रजीतच वाचावं लागतं, तेही एका परक्या कारकुनाने कामापुरतं उतरवलेल्या इंग्रजीत.

मी पोटासाठी भाषांतरं करते, वीस वर्षं झाली. इंग्रजीतून मराठीत आणताना समोरची भाषा मूळ असते. इथे उलटं आहे, मराठी मूळ आहे आणि ते हरवलंय, मला भाषांतराकडून मागे चालत जायचंय. एक उतारा घेतला, पावसाबद्दल आणि बैलाबद्दल विचारणारा. इंग्रजीत तो सरळ सपाट आहे, पाऊस पुरेसा झाला का, बैल बरा आहे का. मराठीत तो माणूस असं लिहिणारच नाही. 'पावसापाण्याचं कळवावे. बैलाचा पाय कसा आहे ते कळवावे. इकडील काळजी करू नये.' असं 'कळवावे, करू नये' मधे लिहील, कारण पत्र लिहिणं म्हणजे शाळेत शिकवलेली भाषा, नाहीतर पलटणीतला लिहिता येणारा दुसराच कुणी लिहून देतोय. आणि वाचणार शाळेतला मास्तर, चार लोकांसमोर मोठ्याने. बायकोला जे सांगायचंय ते 'इकडील' आणि 'तिकडील' ह्या दोन शब्दांच्या आड जाऊन बसणार.

नावांचंही तेच. वाळवंटात ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा राहिला नाही त्यांची नावं इजिप्तमधल्या अलामीनच्या स्मारकावर आहेत. युद्धस्मशानांच्या नोंदीत अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, जिल्हा सातारा, असं सापडतं, पण सगळं रोमन लिपीत. गावाचं नाव असं लिहिलेलं असतं की त्याची मराठीत तीन तीन गावं होतात. आज रात्री अकरापर्यंत नकाशा उघडून सातारा जिल्ह्यातली गावं एकेक उच्चारून बघत होते, हे असेल की ते. कादंबरीत ह्यातलं एकही खरं नाव घ्यायचं नाहीये. तरी बघत बसले.

१३ जुलै

समोरच्या बिल्डिंगमधले सुभेदार काका. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत, सत्तरी पार केलीय, अर्थात ते नंतरच्या फौजेतले. टोब्रुकचं प्रकरण प्रिंट काढून त्यांना दिलं होतं, आज बोलावलं. काकूंनी थालीपीठ केलं होतं. काकांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, अगदी पेपर तपासावा तशा.

पहिली खूण 'सर'वर. "अहो ताई, जवान सर कशाला म्हणेल? साब म्हणणार. आणि तुमचा हा लेफ्टनंट सुभेदाराला नुसतं सुभेदार म्हणतोय, तो मार खाईल. सुभेदार साब म्हणायचं. तेवीस वर्षांचं पोरगं असतं, समोरच्याची नोकरी त्याच्या वयाएवढी झालेली असते. सॅल्यूट सुभेदार करणार, पण साब दोघांनी एकमेकांना म्हणायचं."

ह्या दुहेरी साबने माझी तीन प्रकरणं बदलणार आहेत. गोऱ्यांच्या काळात ह्या सुभेदारांना व्हाइसरॉयचे कमिशन्ड ऑफिसर म्हणायचे. राजाचं कमिशन पोराकडे, व्हाइसरॉयचं ह्यांच्याकडे, आणि पलटण प्रत्यक्षात चालवायचे हे. माझ्या कादंबरीतला सुभेदार आत्तापर्यंत नुसता म्हातारा प्रेमळ माणूस होता. आता तो ह्या पोराला रोज जोखतोय, आणि पोराला ते कळतंय.

मग काका त्या वाक्यापाशी आले, 'ठेवा रे खाली'. खूण केली नव्हती, पण बोट ठेवून बराच वेळ गप्प होते.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

म्हटलं कुणी नाही, मला सुचलं.

"बरोबर आहे. मराठीत सांगितलं म्हणजे ती ऑर्डर नाही राहिली. ऑर्डर असती तर एखाद्याने मोडली असती."

घरी येऊन हे असंच्या असं लिहून ठेवलं. एक शब्द बदललेला नाही.

२ ऑगस्ट

मधले दोन आठवडे एका मॅन्युअलच्या भाषांतरात गेले, डेडलाईन होती. आता इटली.

टोब्रुकचे कैदी लिबियातून बोटींनी इटलीत नेले. हिंदी अधिकाऱ्यांचा एक कॅम्प नेपल्सजवळ आव्हेर्साला. पुढे आबरुझ्झोच्या डोंगरात आवेझ्झानोचा. विनूचा मार्ग मी तसाच ठेवलाय. आव्हेर्साला कोण कोण होतं बघा, कुमारमंगलम होते आणि याह्या खानही होते. १९६६ मधे एक भारताचा लष्करप्रमुख झाला आणि त्याच वर्षी दुसरा पाकिस्तानचा सरसेनापती. ज्यांनी रेडक्रॉसच्या पार्सलची वाट एकाच तारेआड बघितली त्यांच्या हाती पुढे समोरासमोरच्या फौजा. ही गोष्ट कादंबरीत घालायचा मोह इतका होतो की लांबच राहायचं ठरवलं. त्याऐवजी विनूचा एक दोस्त, पंजाबी मुसलमान लेफ्टनंट, दोघं एका कंबलाचे दोन तुकडे करून वापरतात. मोठी नावं आणली की वाचणारा त्यांच्याकडेच बघत बसतो.

ह्या भागातला सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे जेव्हा माणूस येतो आणि म्हणतो, इंग्रजांची चाकरी सोडा, आझाद हिंदुस्थानासाठी लढा. इटालियनांनी १९४२ मधे कैद्यांमधून अशी एक बटालियन उभी केली होती, ती काही महिन्यांतच मोडली. जर्मनीत सुभाषबाबूंची लीजन वेगळी, तिच्यात तीनेक हजार माणसं होती. गेले त्यांना मी फितूर म्हणणार नाही, राहिले त्यांना गुलामही म्हणणार नाही. दोन्ही शब्द आपल्याकडे फार पटकन तोंडात येतात. विनू जात नाही. का जात नाही? पहिल्या खर्ड्यात त्याच्या तोंडी शपथेवर भाषण होतं, पावणेदोन पानं, ते काढलं. आता तो नाही म्हणतो कारण त्याची माणसं दुसऱ्या कॅम्पात आहेत, ती काय करतायत त्याला माहीत नाही, आणि त्यांना सोडून आपण एकटे कुठल्याही बाजूला गेलो तर परत त्यांच्यासमोर उभं राहता येणार नाही असं त्याला वाटतं. हे कारण छोटं आहे, पण माझा त्याच्यावर विश्वास बसतो.

खाण्याचंही आज लिहिलं. पोलेंता म्हणजे मक्याचं पीठ पाण्यात घाटून केलेला गोळा. दादरचा विनू नाक मुरडतो, आणि स्वयंपाकाला दिलेला साताऱ्याचा जवान म्हणतो, साब, ह्या तर कण्याच की.

२९ ऑगस्ट

घरात गणपतीची गडबड, आणि त्यातच एक गोष्ट सापडली. ८ सप्टेंबर १९४३ ला संध्याकाळी इटलीने शस्त्रं टाकल्याचं जाहीर झालं. पंचांगाशी ताडून बघितलं तर ते गणपतीचे दिवस. घरी आरती चाललीय आणि इकडे कॅम्पचे पहारेकरी गणवेश टाकून घरी पळतायत. बऱ्याच कॅम्पांतून वरून हुकूम होता की जागेवर थांबा, आपली फौज येतेय. थांबलेल्यांना जर्मनांनी उचललं. जे तारेखालून निघून डोंगरात गेले ते बरेचसे वाचले, आणि वाचले ते तिथल्या शेतकऱ्यांमुळे. कैद्याला आसरा दिला तर जर्मन घर जाळतील, गोळी घालतील, हे माहीत असून त्यांनी दिला.

आवेझ्झानोबद्दल जितकं वाचते तितका जीव गुंततो. गावासमोर फुचिनोचं मोठं सपाट खोरं आहे, तिथे पूर्वी तळं होतं, एकोणिसाव्या शतकात बोगद्यातून पाणी काढून त्याची शेती केली. १३ जानेवारी १९१५ ला भूकंपात हे गाव पुरतं गेलं, त्या भूकंपात ३० हजारांच्या आसपास माणसं गेली. म्हणजे विनूला गोठ्यात लपवणारी म्हातारी तरुणपणी सगळं घर ढिगाऱ्यात गमावून बसलेली असू शकते. तिला जर्मनांची भीती कमी वाटते ती ह्यामुळे, हे मी कुठेही सांगणार नाही. ती फक्त पोराला वरच्या खोलीत झोपू देत नाही, दाराजवळ झोप म्हणते. भूकंपवाल्या गावातली माणसं दाराजवळ झोपतात.

६ सप्टेंबर

डोंगर उतरून विनू आपल्या फौजेपर्यंत पोचतो ते प्रकरण. १९४३ च्या नोव्हेंबरात सांग्रो नदीवर आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि तिच्यात जंगी पलटण. नकाशात हात फिरवला तर आवेझ्झानोहून समुद्राकडे उतरणारा माणूस त्या खोऱ्यातच येऊन पडतो. हा योगायोग मी घेणार आहे, कारण तो भूगोलाने दिलाय.

रात्र, पाऊस, चिखल. सेंट्री ओरडतो, "थम! हुकुमदार!" हा शब्द मला फार आवडतो, 'हू कम्स देअर' ही इंग्रजी ललकारी आपल्या तोंडात घोळून घोळून असा झाला. विनूला उत्तर सुचत नाही. पासवर्ड माहीत नाही, इंग्रजीत बोलला तर जर्मन समजून मारतील, उर्दूत बोलला तर काय होईल सांगता येत नाही. आणि तेवढ्यात सेंट्री शेजारच्याला दबक्या आवाजात एक रांगडी शिवी देऊन म्हणतो, हितं कोण मराया आलंय बघ. दीड वर्षाने परक्या माणसाच्या तोंडून मराठी. विनू चिखलात उभा राहून म्हणतो, "मारू नका दादा, मी दादरचा."

काकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले सेंट्री आधी हात वर करायला लावणार, मग एकट्याला पुढे बोलावणार, लगेच गळ्यात नाही पडणार. घातलं ते.

पुढच्या वर्षी ह्याच इटलीत तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे, कोकणात जाताना मी लहानपणापासून ऐकत आलेय. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं, तेही कंपनीचे रनर होते. रनर हा शब्द तिथे वाचला तेव्हा हात थांबला. विनूचा रनर सापडलेला नाहीये अजून.

२० सप्टेंबर

गोदीच्या स्फोटाचं प्रकरण काढून टाकलं. लिहून तयार होतं, बावीस पानं.

१४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाची मालवाहू बोट. पोटात जवळजवळ १४०० टन स्फोटकं आणि त्याच बोटीत कराचीहून भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणून आजही १४ एप्रिलला त्यांचा दिवस पाळतात. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. मी विनूला नेमका त्या दिवशी बॅलार्ड पियरला उतरवला होता. वाचायला जबरदस्त झालं होतं ते. पण सांग्रोला एक योगायोग घेतलाय, लगेच दुसरा घेतला तर वाचणारा विनूवर विश्वास ठेवणार नाही, आणि ज्यांच्यावर खरोखर ती दुपार कोसळली त्यांना मी नुसतं माझ्या नायकाच्या मागचा पडदा केल्यासारखं होईल. विनू आता जूनमधे येतो. मशीद बंदरच्या बाजूला जळकी गोदामं उभी आहेत, वडील पोर्ट ट्रस्टमधे कारकून, त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. मुलगा बोलतो, वडील डावा कान पुढे करतात. एवढंच ठेवलं.

१२ ऑक्टोबर

रविवार, उल्हासनगर. कल्याणचा मोठा लष्करी ट्रान्झिट कॅम्प इथेच होता. विनूला परत आल्यावर मी इथे कागदी काम दिलंय, येणाऱ्या-जाणाऱ्या तुकड्यांच्या याद्या करायचं. फाळणीनंतर ह्याच बरॅकींमधे सिंधमधून आलेल्या लोकांना ठेवलं आणि १९४९ मधे त्याचं उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक, दोन, तीन हे पत्ते अजून चालतात. एका गल्लीत एका घराची मागची भिंत अजून जुनी दिसली, जाड, वर छोटी खिडकी. तिथल्या आजींनी पाणी दिलं, विचारलं नाही कोण कुठची.

रेल्वेने परत येताना ठरलं की विनूने १९४५ मधे ज्या बरॅकीची यादी केली तिथेच १९४८ मधे तो कुणाला तरी शोधायला येतो. कुणाला ते अजून ठरत नाहीये. त्याचा पंजाबी दोस्त तर पलीकडच्या फौजेत गेला.

९ नोव्हेंबर

युद्धानंतरचा भाग, आणि मला हाच लिहायचा होता.

१९४५ चा नोव्हेंबर. लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेचे सहगल, धिल्लन, शाहनवाज खान ह्यांच्यावर खटला उभा राहिला, बचावाला आपले मुंबईचे भुलाभाई देसाई. सगळ्या देशात एकच विषय. हिंदू कॉलनीत विनूच्या घरी शेजारचे येतात, पेढे घेऊन, विचारतात, तुम्हीपण नेताजींच्या फौजेत होतात ना? विनू नाही म्हणतो. पेढ्याचा बॉक्स टीपॉयवरच राहतो, पण बोलणं संपतं. कुणी अपमान करत नाही. फक्त त्यानंतर कुणी काही विचारतच नाही. तीन वर्षं जे मनात साठवून आणलं ते सांगायला प्रश्नच येत नाही समोरून. आपल्याकडे ह्या माणसांचं काय झालं असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की त्यांना कुणी विचारलं नाही.

मग १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला 'तलवार' ह्या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरच्या नाविकांनी संप केला, निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या ह्यावरून, आणि बघता बघता ७८ जहाजं आणि २० हजारांच्या आसपास नाविक. २२ ला शहर बंद, गिरण्या बंद, रस्त्यात गोळीबार. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. शहरात दोनशेच्या वर माणसं मेली. २३ ला संप मागे घेतला. विनू अजून गणवेशात आहे, रिलीजचे कागद यायचेत. परळच्या नाक्यावर तो उभा आहे, समोर आपलीच माणसं आणि त्यांच्यासमोर बंदुका. तो काय करतो? तीन खर्डे झाले. एकात तो बंदुकीसमोर उभा राहतो, खोटं वाटलं. एकात निघून जातो, तेही पटेना. आत्ताच्या खर्ड्यात तो एका पडलेल्या मुलाला उचलून दवाखान्यात नेतो, आणि लोक त्याच्या गणवेशाकडे बघून ते मूल त्याच्या हातातून काढून घेतात. काढून घेणाऱ्या बाईचा राग मी जराही कमी केलेला नाही. तिचं बरोबर आहे.

३० नोव्हेंबर

रनरच्या आईला लिहिलेलं पत्र. कादंबरीचं शेवटचं प्रकरण पूर्ण तेवढंच असणार आहे.

सरकारी कागदात रनर आधी बेपत्ता होता, मग मृत धरला. आईकडे तार गेली, पण बेपत्ता म्हणजे काय हे तिला कुणी समजावलं नाही, ती अजून वाट बघते. विनूला माहीत आहे, त्याने शेवटी मागे वळून बघितलं होतं. कैदेतून लिहिता आलं नाही, नंतर धीर झाला नाही. आता १९४६ मधे दादरच्या खोलीत बसून लिहितो. पाच खर्डे. पहिला त्याच्या नकळत इंग्रजीत सुरू होतो, कारण मेस मधे सांत्वनाची पत्रं इंग्रजीत लिहायची सवय. दुसरा शुद्ध मराठीत, त्यात 'वीरमरण' आहे. तो खोडतो. तिसऱ्यात 'शहीद' लिहून खोडतो. मग त्याला कळतं की हे पत्र मास्तर मोठ्याने वाचणार, गाव ऐकणार, आणि मागे कुठेतरी ती माऊली बसलेली असणार. तिला कळलं पाहिजे. 'कामी आला' असं लिहितो. जुना शब्द आहे, बखरींतला, पण खेड्यातल्या माणसाला तो कळतो, पोवाड्यात ऐकलेला असतो. चौथा खर्डा तिथे संपतो.

६ डिसेंबर

काकांना पाचवा खर्डा दिला. ह्या वेळी पेन्सिल घेतली नाही. मोठ्याने वाचायला लागले, मास्तराने वाचावं तसं, काकू स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. 'कामी आला' पर्यंत आवाज सरळ होता. पुढे थांबले.

म्हणाले, "ताई, आई एकच विचारणार. उन्हात पडला होता का सावलीत. ते लिहा."

मी म्हटलं वाळवंट आहे काका, सावली कुठली.

"गाडीची असेल. भिंतीची असेल. तुम्ही बघा."

घरी येऊन टोब्रुकचं प्रकरण परत उघडलं. धुळीत, विनू मागे वळून बघतो तिथे. आता तिथे एक जळालेली ट्रक आहे, आणि सकाळचे नऊ वाजलेत, म्हणजे सावली पश्चिमेला पडणार. दोन्हीकडचं वाक्य जुळवायचंय, आधी टोब्रुकचं, मग पत्रातलं.